बत्तिशीभाईंचा चावलेला घास

आमच्या भागात निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बत्तिशीभाईंच्या हातचं आहे, आणि त्यातला एक माणूस ते कबूल करील तर शपथ. मी करतो. वरची आणि खालची, दोन्ही त्यांचीच. या वयात लाजायचं तरी कुणाला? ज्यांच्यापुढे लाजावं अशा बायका आता स्वतःच रात्री दात पेल्यात ठेवून झोपतात.

बत्तिशीभाई कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मग हे प्लास्टरचा जबडा ओततात, गुलाबी मेणात एकेक दात रोवतात, वरचा-खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रात अडकवून उघडझाप करून बघतात आणि जमलं की पक्की कवळी करून देतात. माझं चष्म्यांचं दुकान बरोबर समोर. मी लोकांना डोळे देतो आणि ते दात, त्यामुळे गल्लीतलं कोण किती म्हातारं झालंय हे आमच्याइतकं सरकारलाही ठाऊक नाही. फरक एवढाच, की माझी गिऱ्हाइकं पुढच्या दाराने ऐटीत येतात आणि त्यांची मागच्या दाराने, तोंडाला रुमाल लावून.

त्यांच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. मी कितीदा तरी खडा टाकून पाहिला, "ते वरच्या फळीवरचे पुढे आलेले दात मुख्याध्यापकांचे ना हो?"

"चष्मेवाले, तुम्ही काचा पुसा."

एवढंच उत्तर. माणूस पोटातली गोष्ट ओठावर आणत नाही, आणि मी हा असा. तरी आमची दोस्ती टिकली कशी हे आमच्या बायकांना आजवर कळलेलं नाही.

पण या माणसाला एक दुःख होतं. मला ते बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या धंद्याची गंमत अशी, की काम उत्तम झालं तर ते दिसत नाही. कुणी म्हणालं, "वा, काय छान कवळी आहे!" की समजायचं, कवळी फसली. लग्नसमारंभात बत्तिशीभाई कोपऱ्यात उभे राहून लोकांची तोंडं बघतात. स्वतःची चांगली कामगिरी समोरून हसत हसत जाते, ओळखसुद्धा दाखवत नाही, आणि हेही मान वळवतात. उगाच गिऱ्हाइकाला ओशाळवाणं व्हायला नको. मला एकदा म्हणाले होते, "सुतार बोट दाखवतो, ते दार माझं. शिंपी दाखवतो, तो कोट माझा. मी काय दाखवू? एखाद्याचं तोंड उघडून दाखवू?"

मी तेव्हा हसलो होतो. ते हसले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मशिदीत शुक्रवारी दुपारी मौलाना कुराणातल्या आयतींचा अर्थ समजावून सांगतात. बत्तिशीभाई नेमाने जातात, भिंतीला टेकून बसतात आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागतो, हेही नेमाने. त्या शुक्रवारी विषय होता माणसाच्या घडणीचा. आईच्या पोटात माणूस कसा आकाराला येतो, ते सांगणाऱ्या आयती. मौलाना सांगत होते, आधी एक थेंब. मग चिकटून लोंबणारं असं काहीतरी. मग, मौलाना म्हणाले, 'मुद्गा'. म्हणजे चावलेला घास. दातांनी चावून ठेवलेल्या गोळ्यासारखं.

भिंतीजवळून आवाज आला, "चावलेला?"

सगळे वळले. बत्तिशीभाई ताठ बसले होते. डोळे असे, की कुणी कानाशी फटाका वाजवलाय.

"हो," मौलाना म्हणाले, "चावलेला घास. एवढासा."

"कोणत्या दातांनी? पुढच्या की दाढांनी?"

सभा हसली. मौलानाही हसले, पण ते मोठे समजूतदार गृहस्थ आहेत, म्हणाले, "भाई, ते काही सांगितलेलं नाही. पुढे सांगितलंय की त्यातून हाडं, आणि हाडांवर मांसाचं पांघरूण, आणि मग त्यातून एक वेगळीच निर्मिती."

पण पुढचं ऐकायला बत्तिशीभाई होते कुठे? उठले आणि निघाले. माझ्या दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आणखी कुणाची तरी.

"चष्मेवाले! माझ्या धंद्यातला शब्द! एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी, माणूस घडवण्याच्या गोष्टीसाठी, माझ्या धंद्यातला शब्द वापरलाय!"

"बसा आधी. पाणी प्या."

"बसू कसला! सोनाराचा नाही, गवंड्याचा नाही. चावण्याचा! मी जन्मभर दुसरं काय केलं? लोकांना चावता यावं एवढंच केलं ना?"

मी त्यांना इतकं आनंदलेलं त्यांच्या लेकीच्या जन्माच्या वेळीही पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा तर त्यांनी रस्त्यात माझा मुका घेतला होता.

योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात मशिदीत शेजारपाजाऱ्यांसाठी प्रदर्शन भरायचं होतं. दार सगळ्यांना उघडं, कुणीही यावं, बघावं, विचारावं. बत्तिशीभाईंनी जाहीर केलं की ते माणसाच्या घडणीचे सगळे टप्पे मेणात करून मांडणार. त्यासाठी एक टेबल त्यांना मिळालं. आता प्रदर्शनाची व्यवस्था कुणाकडे? त्यांच्या मेहुण्याकडे. हा मेहुणा फलक छापतो. त्याच्या दुकानातून उद्गारचिन्हाशिवाय एक अक्षर बाहेर पडत नाही. 'गाड्या लावू नयेत' याच्याही पुढे तो तीन उद्गारचिन्हं लावतो. मेहुणा म्हणाला, "भावजी, फलक माझ्यावर सोडा. लोक तोंडात बोट घालतील!"

"बोट नको घालू देऊ," बत्तिशीभाई म्हणाले, "कवळी सैल होते."

मग काम सुरू झालं आणि आमच्या गल्लीत करमणुकीला तोटा राहिला नाही. थेंब सोपा होता, पारदर्शक राळेचा केला. चिकटून लोंबणारा टप्पा लालसर मेणाचा करून तारेला असा अडकवला की वाऱ्याने हलायचा; त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या भाभींनी, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाडू उचलला होता. खरी कसोटी होती चावलेल्या घासाची. तो घास खरोखर चावलेला हवा, हा बत्तिशीभाईंचा हट्ट. मग ते मेणाचे कोमट गोळे घेऊन घरोघर फिरायला लागले.

मी उत्साहाने तोंड उघडलं, तर म्हणाले, "तुम्ही मिटा. तुमचे दात माझेच. माझंच काम मला काय दाखवता?"

मेहुण्याच्या चाव्याचा ठसा घेतला, तो पसंत पडला नाही. "याचा वरचा जबडा उगाच पुढे पुढे करतो," म्हणाले, "स्वभावासारखाच." शेवटी भाभींच्या हातात गोळा दिला. त्यांचे दात अजून शाबूत आहेत, आणि त्या ते विसरू देत नाहीत.

"चाव नीट. डावीकडे जोर कमी पडतोय."

भाभींनी गोळा तोंडातून काढला. "डाव्या बाजूला तुम्ही झोपता. इतकी वर्षं तुमचं घोरणं ऐकून दात-ओठ खातेय, झिजली ती बाजू."

पण चावा मात्र सुरेख उमटला. बत्तिशीभाईंनी तो कोरून, पुसून, घासून असा तयार केला की विचारू नका. त्यापुढचा टप्पा तर त्याहून भारी. पांढऱ्या प्लास्टरमध्ये अंगठ्याएवढा हाडांचा सापळा. बरगडी न् बरगडी वेगळी, बोटांची पेरंसुद्धा. मी माझं भिंग लावून बघितलं आणि खरं सांगतो, चेष्टा सुचली नाही. शेवटच्या टप्प्यात तसाच सापळा, आणि त्यावर हिरडीच्या रंगाचं मेण चढवून केलेलं अंग. संध्याकाळी दुकान बंद करून ते नुसते बघत बसायचे.

एकदा हळूच म्हणाले, "हे टेबलावर राहील, नाही का? लोक येऊन बघतील. समोरून."

"मग काय पाठीमागून बघतील?"

"नाही, म्हणजे... दिसेल. माझं काम आहे म्हणून दिसेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या माणसाने या टेबलावर केवढी आस लावलीय.

त्यांची लेक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. विषय हाच, गर्भाची वाढ. बापाने तिला मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. तिने अवचित येऊन बघावं आणि थक्क व्हावं अशी इच्छा. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ती आली. मी अर्थातच काहीतरी निमित्त काढून तिथे हजर होतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू शोधत होतो म्हणा.

बत्तिशीभाईंनी फडकं उचललं. पोरीने थेंब बघितला, मान हलवली. लोंबणारा टप्पा बघितला, "सुंदर!" म्हणाली. चावलेला घास हातात घेतला, आणि पहिल्यांदा ओठ दाबले, मग नाक, मग काही जमेना. खो खो हसत सुटली.

"अब्बा, या बाळाला दाढा आहेत!"

"म्हणजे?"

"हे बघा ना. घोड्याच्या नालेसारखी कमान. समोर चार दात, बाजूला सुळे, मागे दाढा. ही तर चक्क कवळी झाली!"

मी पण वाकून पाहिलं. तिचं खरं होतं. बत्तिशीभाईंच्या हाताला जन्माची सवय. चाव्याचा ठसा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे जबड्याची कमान, आणि तीही सुधारलेली. भाभींची डावी बाजूसुद्धा त्यांनी सरळ करून टाकली होती.

"मग कसे असतात?" त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"असतं काहीतरी ठशांसारखं. पण पाठीवर. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांच्या दोन रांगा, डोक्याकडून शेपटीकडे. चावल्यासारखं दिसतं, हे खोटं नाही. पण अशी बत्तिशी नसते."

"शेपटी?"

"असते थोडे दिवस. मामूंची अजून गेलेली नाही."

भाभी आतून हसल्या. पण हसू तिथेच संपलं, कारण पोरीची नजर सापळ्याकडे गेली होती. तिने तो उचलला, फिरवून बघितला. "अब्बा, हे तुम्ही केलंत? प्लास्टरमध्ये? आमच्या कॉलेजातही असं काम करणारा कुणी नाही." आणि मग, अगदी सावकाश, "पण असं कधी नसतं."

"काय नसतं?"

"असा उघडा सापळा पोटात कधीच नसतो. आधी हाडं पूर्ण झाली आणि मग वर मांस चढलं, असं होत नाही. हाडाची कूर्चा, म्हणजे मऊ कच्चं हाड, आणि स्नायू बरोबरीनेच आकार घेतात. त्या पाठीवरच्या ठोकळ्यांमधूनच मणके होतात आणि त्यांच्यामधूनच पाठीचे स्नायू. कूर्चेचं पक्कं हाड तर त्यानंतर."

 बत्तिशीभाईंनी सापळा तिच्या हातून परत घेतला आणि जागेवर ठेवला, इतका हळू की मला बघवेना.

अन् नेमका तेव्हाच मेहुणा फलक घेऊन अवतरला. दारातून आत मावेना एवढा फलक. वर लाल अक्षरं : 'आयतीतला शब्द न् शब्द विज्ञानाला मान्य!!!' आणि खाली जरा लहान अक्षरांत, 'तपासून प्रमाणित केले', आणि त्याखाली आमच्या पोरीचं नाव, पदव्यांसकट.

पोरीने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मामू, हे मी कधी प्रमाणित केलं?"

"आता करशील ना! घरचंच काम आहे."

"मी नाही करणार."

"अगं, सही थोडीच मागतोय? नुसतं नाव."

"मामू, सोमवारी मी वर्गात सांगते की हाडं आणि स्नायू बरोबर वाढतात. आणि रविवारी माझ्याच नावाचा फलक म्हणतो की आधी हाडं, मग मांस. उद्या पोरं विचारतील, बाई, कोणत्या वारचं खरं?"

मेहुणा लालबुंद झाला. "म्हणजे तू धर्माच्या विरुद्ध जाणार?"

"मी आयतीबद्दल बोलतच नाहीये. मी तुमच्या फलकाबद्दल बोलतेय. या तीन उद्गारचिन्हांबद्दल."

"मग ऐक! हा फलक नाही, तर हे टेबलही नाही. लोक नुसते मेणाचे गोळे बघायला येतील होय? मी तिथे सुलेखनाच्या तसबिरी लावतो. रांगेत उभे आहेत लोक टेबलासाठी." आणि तरातरा निघून गेला, फलक मात्र दारातच आडवा राहिला. भाभींना बाहेर जायचं तर वाकून जावं लागायचं.

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? एकीकडे लेक, आणि तिचं बरोबर. दुसरीकडे टेबल, जन्मात एकदा मिळालेलं. बत्तिशीभाईंनी पोरीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बेटा, बापासाठी एवढं कर. बापमंडळी म्हणतात हो असं. मीही म्हणालो असतो. ते म्हणाले,

"त्या दोन रांगा मला दाखवशील?"

"काय?"

"पाठीवरच्या. खऱ्याखुऱ्या. चित्रात नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी आम्हा दोघांना महाविद्यालयात घेऊन गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कधीच कुणी बोलावत नाही. तिच्या प्रयोगशाळेत एक उबवणीची पेटी होती, आत कोंबडीची अंडी. म्हणाली, "माणसाचं नाही दाखवता येणार, अब्बा. पण या दिवसांत पिल्लू आणि आपण बरेच सारखे दिसतो." तिने बारीक कात्रीने अंड्याच्या टरफलात खिडकी कापली, ते सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं, चाक फिरवलं आणि बाजूला झाली.

बत्तिशीभाई वाकले. डोळा भिंगाला लावला. मग ओरडलेच, "सुभानल्ला! चष्मेवाले, हलतंय! हलतंय हो!"

शेजारच्या खोलीतून दोन प्राध्यापक धावत आले. त्यांना वाटलं कुणाला काही झालं.

"काय हलतंय?"

"लाल... एवढासा ठिपका... उड्या मारतोय!"

"हृदय आहे ते, अब्बा," पोरगी म्हणाली. "नुकतंच सुरू झालंय."

मला बघू देतील तर ना! मी त्यांचा कोट ओढतोय, ते हलायला तयार नाहीत. "थांबा हो! रांगा दिसल्या! दोन! मण्यांसारख्या! वरचे मोठे, खाली खाली बारीक... अरे, हा चावा नाहीच कमानीचा. हा तर असा आहे," आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता त्यांनी स्वतःच्या मनगटावर दोन बोटांची नखं रोवत रोवत कोपरापर्यंत नेली. "असा! पोरी, मी केवढं चुकीचं केलं होतं!" हे वाक्य लोक साधारण रडक्या आवाजात म्हणतात. हे लॉटरी लागल्यासारखं ओरडले.

अखेर माझी पाळी आली. मी आयुष्यभर भिंगांचा धंदा केला, पण भिंगाखाली असं काही कधी पाहिलं नव्हतं. एक कण, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि तो आपला ठक ठक ठक, जणू त्याला फार घाई आहे आणि पुढे पुष्कळ कामं आहेत. त्याविषयी एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर माझी चेष्टा करणारे चार जण आहेत.

परतताना बत्तिशीभाई आम्हाला घेऊन थेट मौलानांकडे. मौलाना मशिदीच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालत बसले होते. तिथे मेहुणाही होता, तक्रार घेऊन आधीच पोचलेला. बत्तिशीभाईंनी अंड्याची हकिकत सांगितली, हात उडवत, मधूनच मनगटावरच्या नखांच्या खुणा दाखवत. मग सापळ्याचं सांगितलं. मग सरळ विचारलं, "मौलाना, आयतीत हाडांवर मांसाचं पांघरूण म्हटलंय. ही म्हणते, दोन्ही बरोबर. मी कोणतं मांडू?"

मेहुणा मौलानांकडे असा बघत होता, जणू निकाल छापूनच आणलाय.

मौलानांनी डिंकाची बोटं पुसली. "जुन्या जाणकारांनी या आयतीचे पुष्कळ अर्थ लावलेत. काहींनी आपल्या काळच्या वैद्यकाशी जोडून लावले. ते वैद्यक आता कुणी वाचत नाही. कुणी म्हणतं एकामागून एक, कुणी म्हणतं क्रम असा धरायचाच नाही. खरं काय ते मला माहीत नाही."

"मौलाना!" मेहुणा उडालाच. "तुम्हालाच माहीत नाही म्हटल्यावर..."

"नाही माहीत, भाई. मी हे वाचतो तेव्हा मला एवढंच कळतं, की मी एकदा चावलेल्या घासाएवढा होतो आणि कुणीतरी मला सांभाळलं. मग माझा ताठा जरा उतरतो. एवढ्यासाठी मला पोरीची सही कशाला हवी? उद्या तिच्या शास्त्रात सुधारणा झाली, तर तुम्ही आयतीचाही नवा फलक छापणार का?"

"छापील की," मी म्हणालो. "चार उद्गारचिन्हांचा."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आयत आयतीच्या जागी लिहा," मौलाना म्हणाले, "आणि अंड्यात दिसलं ते दिसलं तसं मांडा. मधे काही चिकटवू नका. येणाऱ्याला डोकं आहे."

"आणि टेबल?" बत्तिशीभाईंनी विचारलं. आवाज असा, जणू आपलं काही नाही त्यात.

"टेबल तुमचंच आहे. सुलेखन भिंतीवरही छान दिसतं."

मग त्या उरलेल्या दिवसांत बत्तिशीभाईंनी जे काम केलं! कवळ्या खोळंबल्या, दोन-तीन सभ्य गृहस्थ तोंडावर रुमाल धरून मागच्या दाराशी कुढत बसले, पण यांना शुद्ध नव्हती. घास नवा केला, पाठीवर दोन रांगा, वरचे ठोकळे मोठे, खालचे बारीक, आणि होय, शेपटीसुद्धा. उघडा सापळा त्यांनी फोडला नाही. मला भीती होती फोडतील. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिला, म्हणाले, "हात चांगला चालला होता माझा, डोकं चुकलं होतं. हाताला कशाला शिक्षा?" त्या जागी नवा टप्पा केला. अर्धपारदर्शक राळेची कूर्चा, आणि तिला बिलगून, तिच्याबरोबरच वाढणारं गुलाबी मेण. पोरगी रोज संध्याकाळी यायची, शेजारी बसायची, आणि दोघांची अशी जुंपायची की गल्लीला वाटायचं घरात वाटणीचं भांडण चाललंय.

"अब्बा, हात एवढा लांब नाही. वल्ह्यासारखा हवा."

"वल्ह्याला बोटं कुठनं येणार?"

"येतात. मधलं कातडं विरून जातं."

"विरून जातं?" पुन्हा उडी. "ए, ऐकलंस का गं? बोटं कोरून निघतात म्हणे! माझ्यासारखीच पद्धत आहे!"

"ऐकलं," भाभी आतून, "गल्लीने ऐकलं."

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी झाली, आणि बाकीच्या टेबलांनी रागवू नये, पण ती सगळी याच टेबलाशी. एका बाजूला आयत आणि तिचा अर्थ. दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं त्याची साधी माहिती, पोरीने लिहिलेली आणि खाली तिचं नाव, या खेपेस तिच्या राजीखुशीने. मधे मेणाची ती सगळी मंडळी. लोक वाकून बघत होते. कुणी म्हणे, वा, कुणी म्हणे, छे. कुणी मौलानांशी वाद घालत होतं, कुणी पोरीशी, आणि दोघंही मजेत होती.

दुपारी एक तरुण बाई आली, बरोबर तिची सासू. बाई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच पोरीला विचारलं, "नुकतंच कळलंय. मग माझं... यातलं कोणतं?"

पोरगी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. बापाकडे वळून म्हणाली, "अब्बा, तुम्ही सांगा."

बत्तिशीभाईंनी दोन रांगांचा तो घास उचलला आणि चक्क तिच्या तळहातावर ठेवला. "हे. साधारण हे. खरं याहून पुष्कळ लहान हं, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि इथे, हे बघ, इथे ठक ठक चालू असणार. आत्ता. तू उभी आहेस तोवर." मग तिला अंड्यातलं सगळं सांगितलं, आणि सासूला पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण तिला कमी ऐकू येत होतं. बाई हात हलवायलाच तयार नव्हती. तळहाताच्या उबेने मेण मऊ झालं, आणि तिने परत दिलं तेव्हा पाठीच्या एका बाजूला तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

पोरगी म्हणाली, "अब्बा, गरम सुरी आणू? नीट करा."

"काय नीट करायचंय?" ते म्हणाले, आणि तसाच तो घास पुढच्या माणसाच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्या बाळाला एवढ्या जणांनी हाताळलं, की शास्त्राच्या दृष्टीने त्याचं काही खरं राहिलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. मेहुण्याने मौलानांच्या सांगण्यावरून एक नवा फलक छापला होता. छोटा, काळ्या अक्षरांत, एकही उद्गारचिन्ह नसलेला. त्याच्या दुकानाच्या इतिहासात पहिला. 'मेणकाम' असं लिहून त्यापुढे बत्तिशीभाईंचं नाव, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. टेबलाच्या मागे भिंतीवर तो लावला होता, नेमका नजरेच्या उंचीवर.

आणि बत्तिशीभाई दिवसभर त्या फलकाला पाठ लावून उभे. अगदी चिकटून. कुणी वाचू म्हटलं तर डोक्यावरून वाचायची सोय नाही, बगलेतून नाही. सकाळपासून एक अक्षर कुणाला दिसलं असेल तर शपथ. शेवटी भाभी पुढे झाल्या, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना हातभर बाजूला ओढलं.

"सरका जरा. नाव दिसू दे लोकांना."

बत्तिशीभाईंनी वळून फलक बघितला. कान लाल झाले. "बरं बरं," म्हणाले, आणि हातभर बाजूला उभे राहिले. तेवढ्यात दारातून एक कुटुंब आलं, पाच-सात जण. "या, या! इकडे या! आधी हा थेंब बघा," म्हणत ते त्यांना सामोरे गेले, एकेकाला आत घेतलं, जागा करून दिली आणि बोलता बोलता मागे मागे सरकत पुन्हा फलकाला टेकले.

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले. त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा निघाल्या.